क्षयाची साखळी (भाग ६) : मद्रासच्या गोळ्या, झारखंडचा शिधा

बेडक्याची तपासणी कशी होते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. निदान झालं, आता रुग्णाला ठेवायचं कुठे? सत्तर वर्षांपूर्वी याचं उत्तर ठरलेलं होतं : सॅनिटोरियममध्ये. मिरजेजवळची वानलेसवाडी असो की युरोपातले डोंगर, मोकळी हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती हाच उपचार. अडचण एवढीच, की भारतात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा हजारांनी.

१९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झालं. भारतीय आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदा, मद्रास सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा हा एकत्रित प्रकल्प होता. सूत्रं ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स यांच्याकडे. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण निवडले. कोणी घरी राहायचं आणि कोणी सॅनिटोरियममध्ये, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. औषधं दोघांना तीच, आयसोनायझिड आणि पास, वर्षभर. घरच्या रुग्णांना खायला कमी, विश्रांती कमी, खोलीत दाटी.

वर्षाअखेर सॅनिटोरियममधल्या ९२ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता, घरच्यांपैकी ८६ टक्क्यांचा. फरक किरकोळ. खरी धाकधूक होती ती घरच्यांची. रुग्ण घरातच खोकत राहिला तर बायको-मुलांचं काय? कुटुंबांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. सॅनिटोरियममध्ये गेलेल्यांच्या घरांपेक्षा इथे क्षय जास्त आढळला नाही. ज्यांना लागण व्हायची त्यांना ती निदानाआधीच झालेली असते, आणि औषध सुरू झालं की रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्यानं ओसरते. १९६२ पासूनचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम घरी राहून घ्यायच्या औषधांवरच बेतला गेला आणि गरीब देशांना मोठ्या इस्पितळांविना क्षयाशी लढण्याचा रस्ता सापडला.

मात्र या निष्कर्षाचा सोयीस्कर अर्थही लावला गेला. औषध नियमित मिळालं तर अपुऱ्या आहारातही रुग्ण बरा होतो, एवढंच मद्रासनं दाखवलं होतं. त्यावरून ‘गोळ्या द्या, जेवणाचं तुमचं तुम्ही बघा’ ही वृत्ती बळावली. वास्तविक जंतू शरीरात शिरलेल्या दहांपैकी नऊ जणांना आयुष्यभर क्षय होत नाही. उरलेल्यांना का होतो, याचं भारतातलं एक मोठं कारण म्हणजे अर्धपोटी शरीर.

हे तपासायला २०१९ उजाडलं. डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या चमूनं झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्णांना दरमहा शिधा दिला. त्यांच्या घरच्यांची संख्या दहा हजारांवर. त्यांतल्या एका गटाला माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या गटाला नाही. बदाम-काजू नव्हेत, साधा डाळभात! तरीही शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. फुप्फुसाचा, म्हणजे दुसऱ्यांना लागणारा क्षय तर जवळपास निम्म्यावर आला. ‘लॅन्सेट’नं २०२३ मध्ये हे निष्कर्ष छापले.

रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. घरच्यांच्या शिध्याची भिस्त मात्र ‘निक्षय मित्र’ म्हणवणाऱ्या देणगीदारांवर आहे. साथ रोखणारी गोष्ट दानावर सोडणं मला पटत नाही. तो शिधा रेशनकार्डासारखा हक्कानं मिळायला हवा.

तोवर एवढं करा : घरात कोणाला क्षयाचं औषध सुरू असेल तर बाकीच्या सगळ्यांची तपासणी सरकारी केंद्रात करून घ्या, प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा आणि पोषणाच्या पैशांसाठी बँक खात्याची नोंद झाली आहे ना, तेही पाहा.

(पुढील आठवड्यात : औषधांना दाद न देणारा क्षय)