पाऊण मिलिमीटरचा फंडा

तुमचं पाकीट आत्ता टेबलावर उपडं करा बरं. एटीएम कार्ड, ऑफिसचं अ‍ॅक्सेस कार्ड, लायसन्स, मेट्रोचं कार्ड, शिवाय त्या जिमचं, जिथे आपण शेवटचे जानेवारीत गेलो होतो! दिसायला सगळी वेगळी. पण एकावर एक ठेवून बघा, कडा तंतोतंत जुळतील. ८५.६ बाय ५३.९८ मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आयएसओ ७८१० नावाच्या स्टँडर्डने ठरवलेलं हे माप जगभर चालतं. सेंट्रल बँकेने १९८० मध्ये भारतातलं पहिलं क्रेडिट कार्ड काढलं, तेव्हा असं कार्ड खिशात असणं म्हणजे स्टेटस होतं. आज आमच्या जालन्यात गांधी चमनला चहा पिऊन होईपर्यंत ते छापून मिळतं. एकच हवं असेल तरी!

मी जालन्याची, नोकरीला पुण्यात. सुट्टीला घरी गेले की या दुकानात एक चक्कर असतेच. मशीन बघायला मजा येते. ए-फोर आकाराच्या प्लास्टिक शीटवर (दुकानवाले हिला ‘ड्रॅगन शीट’ म्हणतात) साध्या इंकजेटवर छपाई. पुढची-मागची शीट, मध्ये पांढरी जाड शीट, मग फ्युजिंग मशीनमध्ये उष्णता आणि दाब. थंड झालं की कटरने खट्कन कापायचं. बास. शाळांची आयकार्डं, स्टील कारखान्यांचे गेटपास, मोसंबीच्या व्यापाऱ्याचं यूपीआयचं क्यूआर कार्ड, सगळं याच टेबलावर बनतं.

पण कार्डाची खरी गंमत बघायची तर शेजारच्या जिल्ह्यात, वाळूजजवळच्या पाटोद्याला जा. या आदर्श गावात पाण्याचं एटीएम आहे. कार्ड दाखवलं की शुद्ध पाणी मिळतं. ग्रामपंचायतीचा कर वेळेवर भरणाऱ्याला गिरणीत दळणही फुकट. आपल्या कॉफी शॉपचं लॉयल्टी कार्ड यापुढे अगदीच पोरकट वाटतं, नाही?

आता माझ्या कार्डाची गोष्ट. आजी अंबड तालुक्यातल्या गावाहून दरवर्षी आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला जाते. एका वर्षी चंद्रभागेच्या वाळवंटात चुकामूक झाली. मोबाइलची बॅटरी संपलेली, नंबरांची वही पिशवीत आणि पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये. तब्बल सहा तास ती सापडली नाही. त्या सहा तासांत बाबांचा चेहरा कसा झाला होता, ते लिहीत नाही.

पुढच्या वारीआधी मी तिच्यासाठी कार्ड बनवायला घेतलं. आजी म्हणाली, “आगं, मला कुठं वाचता येतंय? कशाला ही पाटी गळ्यात?”

“तुला नाही गं आजी, जो वाचेल त्याच्यासाठी.”

“मग मागच्या अंगाला इठ्ठल छाप.”

छापला! पुढच्या बाजूला नाव, गाव, दिंडीचा क्रमांक आणि दोन मोबाइल नंबर, हातभर अंतरावरून वाचता येतील एवढे मोठे. क्यूआर कोड मुद्दाम टाकला नाही. गर्दीत घाबरलेल्या म्हातारीसमोर कोण स्कॅन करत बसणार? रोजची औषधं आणि कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, तेही लिहिलं. रक्तगटाला लोक फार महत्त्व देतात, पण रक्त चढवण्याआधी हॉस्पिटल तपासणी करतंच. डॉक्टरला घाई असते ती शुगरची गोळी चालू आहे का, हे कळण्याची. आणि हो, प्रूफ स्वतः वाचा. दुकानातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये जोडाक्षरं अशी फुटतात की गावाचं नावच बदलतं. पुढच्या वर्षी दिंडीतल्या सगळ्या बायकांनी तसंच कार्ड मागितलं. विठ्ठलासकट.

आता जरा सीरियस. या दुकानांत सगळ्यात जास्त गर्दी असते ती ‘आधार प्लास्टिकमध्ये करून द्या’ म्हणणाऱ्यांची. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, पासवर्डही सांगायचा (नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, म्हणजे कुणीही ओळखेल!) आणि कार्ड घेऊन निघायचं. फाइल मात्र राहते दुकानाच्या कॉम्प्युटरवर. रिबनवाला कार्ड प्रिंटर असेल तर वापरलेल्या रिबनवर तुमचं नाव आणि नंबर चक्क वाचता येतो, आणि ती रिबन जाते कचऱ्यात. आधारचं ऑफिस, म्हणजे यूआयडीएआय, २०२० पासून स्वतःच पीव्हीसी कार्ड स्पीड पोस्टने घरी पाठवतं. सुरुवातीला फी होती फक्त ५० रुपये. त्यावर होलोग्राम असतो, मायक्रोटेक्स्ट असतं. बाजारातल्या कॉपीत यातलं काहीच नसतं, म्हणून ती वापरू नका असं यूआयडीएआयने जानेवारी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं. कागदी पत्र किंवा मोबाइलमधलं ई-आधारही तितकंच वैध आहे. हॉटेलात, लॉजवर कॉपी द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. एवढंच नाही, स्वतःचं कुठलंही कार्ड छापलं की समोर उभं राहून फाइल डिलीट करून घ्या, रीसायकल बिनमधूनसुद्धा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

बाकी उपयोग तुम्हीच शोधा. सामानाच्या बॅगेला टॅग (घरचा पत्ता नको, फक्त नंबर), भाडेकरूसाठी वायफायचा पासवर्ड, घरच्या फ्रिजवर गॅसवाला आणि प्लंबर. फक्त ऑफिसच्या किंवा मेट्रोच्या कार्डाला दोरी अडकवायला स्वतः भोक पाडू नका. आत कडेकडेने तांब्याची बारीक तार फिरवलेली असते, तीच अँटेना. ती तुटली की दारासमोर कार्ड कितीही घासा, दार उघडत नाही.

माझ्या भावाने मात्र गाडीच्या काचेत ठेवायला कार्ड केलंय: ‘गाडी आडवी आली? फोन करा.’ खाली नंबर. बहिणीलाही तसंच हवं होतं, पण अनोळखी रस्त्यावर स्वतःचा नंबर टांगायला ती तयार नाही. तिच्या कार्डावर भावाचाच नंबर आहे. तो आता दिवसभर दोन-दोन गाड्यांचे फोन घेतो!