मर्जी आणि मैत्री

माझे वडील दरबारी गवई. शेवटच्या आजारात औषधासाठीही ते आश्रयदात्याच्या मर्जीची वाट पाहत होते. म्हणूनच पोलंडचे तत्त्वज्ञ एडवर्ड आब्रामोव्स्की (१८६८–१९१८) मला जवळचे वाटतात.

वॉर्सावर तेव्हा रशियाच्या झारचा अंमल होता. पण नुसता राज्यकर्ता बदलून भागत नाही, आधी माणसाचे मन मिंधेपणातून सुटले पाहिजे, असे आब्रामोव्स्की मानीत. राज्यसंस्थाच त्यांना नको होती. १९०६ साली त्यांनी स्नेह्यांसह सहकारवाद्यांची संस्था काढली. ग्राहकांनीच चालविलेले दुकान ही त्यांच्या लेखी स्वातंत्र्याची शाळा. १९१२ मध्ये त्यांनी ‘मैत्रीसंघां’ची कल्पना मांडली : अडल्यानडल्या सभासदाला इतरांनी हात द्यावा, उपकार म्हणून नव्हे, मैत्र म्हणून.

असा एखादा संघ आमच्या गल्लीत असता, तर वडिलांचे डोळे दाराकडे लागले नसते.