मधुमेहजन्य दृष्टिऱ्हास आणि जैवसमरूप औषधे : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या मधुमेहात दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पीतबिंदूला सूज येते व मध्यवर्ती दृष्टी मंदावते. प्रस्तुत लेखात यावरील जैवसमरूप औषधांचे स्वरूप व मर्यादा यांचा विचार केला आहे.

संकल्पना :
हा पाझर ‘व्हीईजीएफ’ या प्रथिनामुळे वाढतो. त्यास रोखणारे रॅनिबिझुमॅब डोळ्यात इंजेक्शनद्वारे दिले जाते. दौंड तालुक्यातील कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक प्रक्रियेने बनणाऱ्या औषधाचा लहान रेणू जसाच्या तसा पुन्हा घडविता येतो. ते जेनेरिक औषध होय. रॅनिबिझुमॅब हे मात्र जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मोठे प्रथिन आहे. एकाच बेण्याचा ऊस दोन शिवारांत थोडा निराळा उतरतो, त्याप्रमाणे येथेही सूक्ष्म फरक संभवतो. म्हणून मूळ औषधाशी गुणवत्ता, परिणाम व सुरक्षितता यांबाबतचे साम्य सिद्ध करावे लागते. भारतात त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ साली आली व २०१६ मध्ये सुधारली गेली.

उपलब्ध पर्याय :
इन्टास कंपनीच्या रॅझुमॅबला २०१५ साली भारतात मान्यता मिळाली. रॅनिबिझुमॅबचे हे जगातील पहिले जैवसमरूप असून ते मूळ औषधापेक्षा स्वस्त आहे. बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगाचे औषध त्याहूनही स्वस्त पडते. परंतु एका कुपीतून अनेक मात्रा काढताना निर्जंतुकता काटेकोरपणे पाळावी लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील तुलनात्मक चाचणीत, दृष्टी किंचितच घटलेल्या रुग्णांत अफ्लिबरसेप्ट, रॅनिबिझुमॅब व बेव्हॅसिझुमॅब यांचा परिणाम जवळपास सारखा दिसला; दृष्टी अधिक घटलेल्यांत पहिल्या वर्षी महागडे अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. म्हणजेच निदान जितके लवकर, तितका स्वस्त उपचार पुरेसा ठरण्याची शक्यता अधिक.

स्थानिक संदर्भ :
एका इंजेक्शनने हा उपचार संपत नाही. प्रारंभी ते साधारणतः दरमहा घ्यावे लागते. शिरूर किंवा दौंडहून पुण्यातील दृष्टिपटलतज्ज्ञाकडे जाणाऱ्या रुग्णाला प्रवासखर्च, बुडालेली मजुरी व सोबतीच्या माणसाचा दिवस हे सारे सोसावे लागते. त्यामुळे खेप चुकते व सूज पुन्हा उद्भवते.

निष्कर्ष :
औषधाची किंमत घटणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. तालुका पातळीवर प्रत्येक मधुमेहीची वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासणी व्हावयास हवी. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून या कार्यास निश्चित हातभार लावता येईल.