दोष पेटीचा की रस्त्याचा?

चिखलातून बाहेर पडलेली एक जुनी पिकअप गाडी डांबरी रस्त्याला लागली आहे. चारही चाकांना मिळणारा जोर आता बंद करावा म्हणून चालक छोटा दांडा ओढतो. पण दांडा जागचा हलत नाही. वळणावर गाडी अडखळते, टायर चिरकतात. ‘गिअरबॉक्स गेला!’ असे कोणीही म्हणेल. पेटी उघडायची म्हणजे गाडी काही दिवस गॅरेजमध्ये अडकणार आणि मालाची ने-आण बंद. तेव्हा आधी थोडे गणित करू या.

अमेरिकेतील विलिस कंपनीने दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी जीप बनवली आणि १९४७ मध्ये चारही चाकांना जोर देणारी पिकअप बाजारात आणली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि ही रचना आपल्याकडेही रुळली.

या गाड्यांत इंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये आणि तेथून ‘ट्रान्स्फर केस’ नावाच्या दुसऱ्या पेटीत जाते. एरवी ही पेटी फक्त मागची चाके फिरवते. छोटा दांडा सरकवला, की आतले दात एकमेकांत अडकतात आणि पुढचा व मागचा शाफ्ट अगदी सारख्या वेगाने फिरू लागतात. खरी मेख इथेच आहे.

सायकलची दोन्ही चाके ओली करून कोरड्या जमिनीवर वळण घ्या. दोन निरनिराळे माग उमटतील आणि पुढच्या चाकाचा माग बाहेरच्या बाजूने गेलेला दिसेल. पिकअपचेही तसेच होते. समजा, तिच्या पुढच्या व मागच्या आसांत २.५ मीटर अंतर आहे आणि मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात आहे. ही झाली काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंची लांबी. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या ६.५ मीटर येते. गाडी काटकोनात वळेपर्यंत मागचा आस सुमारे ९.४ मीटर जातो, तर पुढचा १०.२ मीटर. जवळजवळ ८० सेंटिमीटरचा फरक!

चिखलात चाके थोडी घसरतात व हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ती सहजी घसरत नाहीत. मग शाफ्ट पिळले जातात आणि दात एकमेकांवर इतके दाबून बसतात, की दांडा सुटत नाही. मोडलेले काहीच नसते! गाडी मोकळ्या जागी काही मीटर सरळ मागे घेतली, की पीळ बहुधा उलगडतो. दांडा ठोकला, तर मात्र चांगली पेटीही बिघडेल. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले, तर सरळ रस्त्यावरही असाच पीळ बसतो.

पीळ काढूनही तक्रार राहिली तर? चांगला मिस्त्री प्रथम दोन्ही पेट्यांतील ऑइल पाहतो. मग एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि कान देऊन ऐकतो.

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो? मग संशय गिअरबॉक्समधील बेअरिंगवर. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो? मग क्लचचे बेअरिंग पाहावे. इंजिन घोंघावते, पण वेग वाढत नाही? क्लच घसरत असावा. पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता? जुन्या चार गिअरांच्या पेटीत चौथ्या गिअरला शक्ती खालच्या शाफ्टवरील दातेरी चाकांतून न जाता थेट पुढे जाते. म्हणून दोष त्या खालच्या शाफ्टकडे असण्याचा संभव अधिक. पुढची चाके ओढतच नाहीत? काही गाड्यांत चाकांच्या मध्यावर हाताने फिरवायच्या कळा असतात; त्या लावल्या आहेत का, हे आधी पाहावे.

ही तपासणी जाणत्या माणसाबरोबरच करा. फिरत्या शाफ्टजवळ हात नेऊ नका.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. आसांतील अंतर ३ मीटर आणि मागची त्रिज्या ७.२ मीटर असेल, तर काटकोनात वळताना फरक किती पडेल? उत्तर सुमारे ९४ सेंटिमीटर यायला हवे.