गळ फेकताना जोर मनगटाचा नको, काठीचा हवा

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरू लागलं की करमाळा, इंदापूर, माढा भागात काठावर गळ टाकणाऱ्यांची गर्दी वाढते. कुणाकडे बाजारची रिळाची काठी, कुणाकडे घरच्या वेळूची. चिलापी दोघांनाही लागते. पण नीट पाहिलं तर बरेचजण गळ टाकत नाहीत, भिरकावतात. तरंगा एकीकडे, गळ भलतीकडे आणि आमिष मधेच सुटून पाण्यात! मासा फुकटात जेवून जातो.

मला हे काम शिकवलं ते काठावरच्याच एका म्हाताऱ्या मच्छीमारानं. जोर आपला नको, काठीचा हवा, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगे.

आधी साध्या वेळूचं बघू. तंगूस काठीपेक्षा हातभर आखूड ठेवावा. लांब ठेवला तर गळ पाण्याला घासतो आणि लागलेला मासा हाताशी येत नाही. उजव्या हातात काठीचा बुडखा धरायचा. डाव्या हाताच्या चिमटीत गळ नव्हे, गळाच्या वरचा तंगूस धरायचा. तो ताणून धरला की काठीचा शेंडा किंचित वाकतो. आता शेंडा हलकेच वर उचलायचा आणि त्याच क्षणी डावी चिमूट सोडायची. गळ झोक्यासारखा खालून पुढं जातो. झोका टोकाला पोचला की शेंडा थोडा खाली न्यायचा, म्हणजे तरंगा आवाज न करता पाण्याला टेकतो. यात खांदा हलवायचं कारणच नाही. काठाशी चरणारे मासे धपकन् आवाज झाला की पांगतात.

रिळाच्या काठीची तऱ्हा वेगळी. लांब फेकायचं तर तरंगा जड हवा आणि तो फक्त बुडाशी बांधलेला हवा. शिशाचे मणी बहुतेक सगळे तरंग्याला लागूनच बसवावेत. गळाकडे एक-दोन बारीक मणी पुरे. वजन पुढं धावतं, हलका गळ मागून येतो, गुंता होत नाही. रिळाची कडी उघडून तंगूस तर्जनीवर अडकवायचा. उजवा हात रिळापाशी, डावा बुडख्याशी. उजव्यानं पुढं ढकलायचं आणि डाव्यानं पोटाकडं ओढायचं, दोन्ही एकदमच.

बोट सोडायचं कधी, इथंच सगळी मेख आहे. ज्यानं पाखरं राखताना गोफण फिरवली आहे त्याला हे लवकर उमगतं. लवकर सोडलं तर दगड आभाळात, उशिरा सोडलं तर पायाशी. गळाचंही तेच. काठी डोक्यावरून पुढं येऊन कपाळासमोर तिरपी दिसू लागली की बोट सोडावं. तरंगा पाण्याला टेकायच्या जरा आधी सुटत्या तंगुसाला तेच बोट हलकेच लावायचं. तरंगा थबकतो, गळ त्याला ओलांडून पलीकडं पडतो आणि दोरी सरळ बसते. ही शेवटची बोटाची युक्ती बहुतेकांना ठाऊकच नसते. वारं असेल तर काठीचा शेंडा पाण्यात बुडवून रिळाला दोन वेढे द्यावेत. तंगूस बुडतो आणि वारा तरंग्याला ओढत नाही.

खोली आधी मोजून घ्यावी. गळाला शिशाचा खडा लावून टाकावा. तरंगा बुडाला तर पाणी जास्त खोल, आडवा पडला तर तरंग्याखालचा तंगूस जास्त. उजनीच्या पोटात जुनी गावं आहेत. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. बुडालेल्या भिंती नि खुंटांत गळ अडकला तर हिसके देऊ नयेत.

फेकण्याआधी मागं बघायचं, हे मी अंगावर बेतल्यावर शिकलो. माझ्याच हातून गळ भाच्याच्या कानाच्या पाळीत रुतला. उलट्या काट्यामुळं तो ओढून निघत नाही, मांस फाटतं. तंगूस कापून त्याला दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, निभावलं. डोळ्याला लागतं तर? दुसरी धास्ती तारांची. काठावर मोटारींच्या तारा डोक्यावरून गेलेल्या असतात. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, ओल्या वेळूतूनही वाहते. तारांखाली काठी उभी करूच नये.

गावतळ्यावर आणखी एक भान हवं. बरीच तळी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात. रोहू, कटल्याची बोटुकली त्यांनी पैसे मोजून सोडलेली असते. संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकू नये, आणि ठेका कुणाचा, हौशी माणसाला परवानगी आहे की नाही, हे ग्रामपंचायतीनं फलकावर लिहून ठेवलं तर काठावरची निम्मी भांडणं मिटतील. बोटुकली लागलीच तर हात ओला करून सोडवावी. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

सराव मात्र पाण्यावर करू नये. मोकळ्या वावरात, गळ काढून, पंधरा पावलांवर घमेलं ठेवून तरंगा टाकत बसावं. चार-पाच संध्याकाळी गेल्या की बोट आपोआप वेळेवर सुटू लागतं.