ट्रक आणेवाडीला, नफा चाकणला

वार्षिक अहवालाचं गुळगुळीत पुस्तक तुम्ही पाहिलेलं असतं. अध्यक्षांचा हसरा फोटो, कारखान्याच्या आवारातली हिरवळ आणि शेवटच्या शंभरेक पानांत बारीक टायपात समूहाचा एकत्रित ताळेबंद. ती पानं वाचायची नसतात, अशी भागधारकांची प्रामाणिक समजूत असते. (अध्यक्षांचीही.) तो ताळेबंद ज्या रात्री जुळतो तिला आमच्या धंद्यात 'कन्सॉलची रात्र' म्हणतात. म्हणायला एक रात्र. प्रत्यक्षात एप्रिलचा उत्तरार्ध आणि निम्मा मे. मूळ कंपनी, उपकंपन्या, सहयोगी कंपन्या, संयुक्त उपक्रम अशा सगळ्यांचे हिशेब एका पानावर आणायचे आणि घरातल्या घरात झालेले व्यवहार पुसून टाकायचे, एवढंच काम. आयएफआरएस काय किंवा त्यावर बेतलेली आपली 'इंड एएस' काय, मानकं वाचायला सोपी आहेत हो. गाडी अडते ती घरातले कोण, या प्रश्नावर.

सुरुवात मोजणीपासून होते. 1 ऑक्टोबर 2018 ला सरकारने पायाभूत सुविधांना पैसा पुरवणाऱ्या 'आयएल अँड एफएस'चं संचालक मंडळ बाजूला केलं आणि उदय कोटक यांच्या नेतृत्वाखाली नवं मंडळ बसवलं. कर्जाचा डोंगर, डबघाईची कारणं, पुढची चौकशी हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही हिशेबवाले अडकलो ते एका किरकोळ वाटणाऱ्या आकड्यावर. समूहात 169 कंपन्या आहेत अशी समजूत होती. नव्या मंडळाने मोजल्या तर भरल्या 348. ती बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या ऑफिसात एका ज्येष्ठ पार्टनरनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "आपल्या क्लायंटच्या उपकंपन्यांची यादी आपण शेवटची कधी मोजली?" कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मोजली. एका समूहात एक विसरलेली कंपनी निघालीच, मॉरिशसची. कामकाज बंद, बँक खातं बंद, पुस्तकात देणं फक्त एक: आमच्याच फर्मचं दोन वर्षं थकलेलं बिल.

मोजणी झाली की मालकी. एकत्रित हिशेबाच्या आपल्या जुन्या मानकात, 'एएस 21' मध्ये, एक गंमत होती, बाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नाही. एखाद्या कंपनीत निम्म्याहून जास्त मतं एकाची असली आणि संचालक मंडळावर बहुसंख्य माणसं नेमायचा हक्क दुसऱ्याचा असला, तर दोघांचंही नियंत्रण धरायचं आणि दोघांनीही ती कंपनी आपापल्या एकत्रित हिशेबात पूर्ण घ्यायची! एकच पोर, दोन रेशनकार्डांवर. अशाच एका कंपनीचे दोन आईबाप मी नरीमन पॉइंटच्या एका कॉन्फरन्स रूममध्ये समोरासमोर पाहिले. 1 एप्रिल 2016 पासून 500 कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थच्या कंपन्यांना इंड एएस लागू झालं आणि त्यातलं 110 क्रमांकाचं मानक सांगतं की नियंत्रण एकाचंच. महत्त्वाचे निर्णय घ्यायची सत्ता कोणाची, त्यातून कमीजास्त होणारा लाभ कोणाच्या पदरात, आणि ती सत्ता वापरून लाभ हलवता कोणाला येतो, हे तिन्ही एकाच ठिकाणी असायला हवं. एकाकडे 51 टक्के शेअर, दुसऱ्याकडे मंडळातली बहुसंख्या. पहिल्या बैठकीत दोघेही "आमचीच ती" म्हणून टेबलावर हात आपटत होते. दुसरी बैठक तीन आठवड्यांनी झाली, तोवर कंपनीचा तिमाही तोटा आला होता. आता दोघेही कमालीचे सौजन्यशील. "नाही नाही, तुम्हीच घ्या, निर्णय तर सगळे तुमचेच असतात." लग्नाच्या पंगतीतही इतका आग्रह पाहिला नाही. शेवटी करार पुन्हा वाचला, व्यवसायाचे सगळे खरे निर्णय मंडळात होत होते, म्हणून कंपनी बहुसंख्यवाल्याच्या ओटीत पडली. 51 टक्केवाल्याकडे नातं उरलं सहयोगी कंपनीचं, आणि नफातोटा पत्रकात एक ओळ. त्यांच्या फायनान्स प्रमुखांनी जाताना मला हळूच विचारलं, "हे मानक दोन वर्षं आधी नाही का आणता आलं?"

आता ट्रक. माझा सगळ्यात लाडका किस्सा आहे, त्यामुळे जरा लांबवणार.

मूळ कंपनी चाकणची, उपकंपनी कोल्हापूरची. चाकणहून सुटे भाग निघायचे, कोल्हापूरला जोडणी व्हायची. मे महिन्यातली रात्र, दीड वाजलेला, सगळं टॅली झालेलं, फक्त इंटरकोचा, म्हणजे समूहातल्याच कंपन्यांमधल्या व्यवहारांचा, एक फरक जाईना: 38 लाख 40 हजार. चाकण म्हणतं कोल्हापूरकडून येणं आहे, कोल्हापूर म्हणतं आमच्याकडे असं देणंच नाही. घरातलं येणं आणि घरातलं देणं एकमेकांना खाऊन शून्य व्हायला हवं, तरच पुढचं पान उलटतं. चाकणचे अकाउंट्स मॅनेजर फोनवर ठाम. "साहेब, बिल 31 मार्चचं, माल गेटबाहेर 31 मार्चला, गेटपास दाखवतो." कोल्हापूरचे त्यांच्याहून ठाम. "आमच्याकडे माल आला 2 एप्रिलला. न आलेल्या मालाचं देणं कसं घालू?" त्या दोघांत जुनी चुरसही होती. कोल्हापूरच्या बढतीची जागा तीन वर्षांपूर्वी चाकणला गेली होती, हे मला मागाहून कळलं. नाही तर फोन स्पीकरवर ठेवला नसता.

दोघेही आपापल्या पुस्तकात बरोबर होते, खरी अडचण तीच. आमच्याकडे सीएची उमेदवारी करणाऱ्या आर्टिकल मुलाने वाहतूकदाराकडून ड्रायव्हरचे कागद मागवले. त्यात आणेवाडी टोलनाक्याची चुरगळलेली पावती निघाली, 31 मार्च, रात्री अकरा वाजून काही मिनिटं. फास्टॅगच्या आधीचा काळ, कागदी पावत्या मिळायच्या. पुढे टायर गेला म्हणून ट्रक तिथेच ढाब्यावर उभा राहिला तो दीड दिवस. म्हणजे वर्ष संपलं त्या क्षणी 38 लाखांचा माल ना चाकणचा होता, ना कोल्हापूरचा. सातारा जिल्ह्यात एका ढाब्यासमोर तो 'समूहाचा' होता. मग विक्री मागे घेतली, देणं-येणं पुसलं, माल समूहाच्या साठ्यात धरला आणि तोही घरच्या किमतीला, कारण स्वतःच्याच मुलाला माल विकून कमावलेला सहा लाखांचा नफा बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकेपर्यंत नफा नसतो. चाकणच्या मॅनेजरसाहेबांचा वार्षिक बोनस नेमका त्या सहा लाखांमुळे लक्ष्याच्या वर गेला होता. आम्ही फक्त समूहाचं पान बदललं, चाकणच्या स्वतःच्या पुस्तकातला नफा होता तिथेच राहिला, आणि बोनस चाकणच्याच पुस्तकावर ठरलेला! फोनवर ते तेवढे ठाम का होते, हे मला तेव्हा कळलं.

गुडविलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे विनोद कमी आणि स्प्रेडशीट जास्त. टाटा स्टीलने जानेवारी 2007 अखेरच्या लिलावात ब्राझीलच्या सीएसएनला मागे टाकून युरोपातली पोलाद कंपनी कोरस घेतली, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. आमच्या वर्तुळात सांगितला जातो तो फरक: 603 पेन्स विरुद्ध 608, शेअरमागे अवघे पाच पेन्स. किंमत आणि हाती आलेल्या मालमत्तेचं वाजवी मूल्य यांतली तफावत गुडविल म्हणून ताळेबंदात बसते आणि दरवर्षी तिची नाडी तपासावी लागते. मे 2013 मध्ये टाटा स्टीलने सुमारे 8,356 कोटींची घट नोंदवली, तिचा मोठा भाग युरोपचा. "ही घट रोख नाही" असं अशा वेळी सगळीकडे आवर्जून सांगतात. खरंच आहे. रोख सहा वर्षांपूर्वीच गेलेली असते.

उपकंपन्या तरी घरच्या. निव्वळ गुंतवणुकीच्या हिशेबात तर नियमच रात्रीत हलताना पाहिले आम्ही. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन बुडाली. बाजारभावाने मोजलेल्या रोख्यांचा तोटा थेट नफातोटा पत्रकात यायचा आणि युरोपातल्या बँकांना तिमाही निकाल तोंडावर दिसत होते. "अमेरिकेत वर्गवारी बदलून रोखे बाजारभावाच्या मोजणीतून बाहेर काढता येतात, मग आम्हालाच का नाही?" असा युरोपीय संघाचा आग्रह. आयएफआरएस ठरवणाऱ्या लंडनच्या आयएएसबीत एखादा स्वल्पविराम हलवायचा तरी मसुदा निघतो, अभिप्राय येतात, वर्षं जातात. यावेळी सल्लामसलतीची ती सगळी रीत गुंडाळून ठेवली आणि 13 ऑक्टोबर 2008 ला दुरुस्ती जाहीर. त्यातही खरी मेख तारखेत होती: 1 नोव्हेंबरच्या आत वर्गवारी बदला, आणि ती 1 जुलैपासूनच बदललेली होती असं समजा. म्हणजे पेपर फुटल्यावर पेपर लिहायची मुभा. डॉइश बँकेने ती वापरली, करपूर्व सुमारे 84.5 कोटी युरोंचा फटका टळला आणि तिमाहीचा निव्वळ नफा दिसला 41.4 कोटी युरो.

तीन वर्षांनी ग्रीस. हान्स होगरफोर्स्ट जुलै 2011 मध्ये आयएएसबीच्या खुर्चीवर बसले आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्या पुढ्यात युरोपीय बँकांचे निकाल आले. तेच ग्रीक सरकारी रोखे. काही बँकांनी बाजारभाव धरून जवळपास निम्मी किंमत उडवली, काहींनी "बाजारच बंद आहे" म्हणत स्वतःच्या मॉडेलवर 21 टक्के. 4 ऑगस्टला त्यांनी युरोपच्या रोखे नियामकाला पत्र लिहिलं. व्यवहार कमी असले तरी होत आहेत, तेव्हा भाव दिसत असताना मॉडेल कसलं, असा त्याचा मथितार्थ. ते खासगी पत्र महिना संपायच्या आत वर्तमानपत्रांत पोहोचलं. (कोणी पोहोचवलं यावर आमच्याकडे बरीच वर्षं पैजा लागल्या.) मार्च 2012 मध्ये खरी कात्री चालली आणि खासगी रोखेधारकांच्या दर्शनी रकमेतले 53.5 टक्के गेले. मॉडेलवाल्यांना ती बातमी बाजाराकडूनच कळली.

सहयोगी कंपनी किंवा संयुक्त उपक्रमातला आपला वाटा एका ओळीत दाखवायच्या इक्विटी पद्धतीत मात्र शून्याला फार मान. व्होडाफोन आयडिया तेव्हा आदित्य बिर्ला समूहासोबतचा संयुक्त उपक्रम, म्हणून ब्रिटनमध्ये व्होडाफोन तिला एका ओळीत दाखवत असे: आपला वाटा, सुमारे 44 टक्के. 24 ऑक्टोबर 2019 ला दूरसंचार कंपन्यांनी सरकारला द्यायच्या शुल्काबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा एजीआरचा निकाल आला. 12 नोव्हेंबरला व्होडाफोनने सहामाही हिशेब मांडले, त्यात भारतातल्या गुंतवणुकीची किंमत शून्यावर आणली. दोनच दिवसांनी मुंबईतून आकडा आला: तिमाही तोटा 50,922 कोटी, तोवरचा भारतीय कंपन्यांतला विक्रम. मानक म्हणतं की गुंतवणूक शून्यावर पोहोचली की पुढचा तोटा नोंदवायचा नाही, जोवर तुम्ही तो भरून द्यायचा शब्द दिलेला नाही. मी शिकवतो त्या वर्गातली पोरं इथे हमखास टाळ्या वाजवतात. मग मी सांगतो की विलीनीकरणाच्या करारातल्या जुन्या देण्यांपोटी एप्रिल 2020 मध्ये ब्रिटनहून भारतात पैसे आलेच.

आणि त्या आर्टिकल मुलाचं सांगायचं राहिलं, टोलची पावती शोधणाऱ्याचं. त्याच रात्री चार वाजता ताळेबंदाच्या दोन बाजू कोटींत, दोन दशांश स्थळांपर्यंत लावल्या आणि फरक उरला 0.01 चा. राउंडिंगचा, दुसरं काही नाही. असा फरक 'इतर चालू देणी'त सरकवून सगळे घरी जातात, कोणी वर मानही करत नाही. तो कर्सर त्या चौकटीत ठेवून थांबला. मी म्हटलं, "अरे, एवढंसं आहे, टाक की." तो म्हणाला, "टाकतो सर, पण 0.01 कोटी म्हणजे एक लाख ना? माझा वर्षाचा स्टायपेंड एवढा नाही."

मी तोवर तो आकडा कधी रुपयांत वाचला नव्हता. टाकला त्याने. 'इतर'मध्येच.