शेवटचं चित्र कावळ्यांचं नव्हे, मुळांचं

विन्सेंट व्हॅन गॉगचं शेवटचं चित्र कोणतं, असं विचारलं की बहुतेकांना गव्हाचं शेत आणि त्यावरून उडणारे काळे कावळेच आठवतात. 1956 च्या ‘लस्ट फॉर लाइफ’ या सिनेमाने तर ते चित्र त्याच्या मृत्यूला कायमचं चिकटवून टाकलं. प्रत्यक्षात त्याचा ब्रश थांबला तो झाडांच्या मुळांवर.

‘झाडांची मुळं’ हे चित्र आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. उंची 50 सेंटिमीटर, रुंदी दुप्पट. पहिल्या नजरेत काहीच हाती लागत नाही. आभाळ नाही, क्षितिज नाही. नुसते निळे, पिवळे, हिरवे फटकारे, गाठी आणि वेटोळी. जरा थांबलं की उमगतं, ही एक दरड आहे. माती ढासळलेली, मुळं उघडी पडलेली. पुन्हा पुन्हा तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटलेले. आणि ती मुळं चक्क निळी! डोळ्यांना दिसलेला रंग बाजूला सारून मनाला जाणवलेला रंग लावायचा, ही उत्तरदृक्प्रत्ययवादी चित्रकारांची हिंमत इथे अगदी जवळून दिसते.

मुळांचं वेड त्याला जुनंच. 1882 मध्ये हेगला असताना त्याने अशीच मुळं रेखाटली होती आणि त्यांत जगण्याची झुंज दाखवायची आहे, असं धाकट्या भावाला, थिओला कळवलं होतं.

थिओचा मेहुणा आंद्रिएस बोंगर याने नंतर लिहून ठेवलं, की मृत्यूआधी विन्सेंटने ऊन आणि चैतन्याने भरलेली झाडी रंगवली होती. हेच ते चित्र, असं मानलं जातं. ते रंगवलं तो दिवस 27 जुलै 1890. त्याच दिवशी त्याने स्वतःवर गोळी झाडली आणि 29 तारखेला तो गेला. वय 37. त्या शेवटाकडून मागे पाहत आपण त्याच्या प्रत्येक चित्रात निराशा शोधतो. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो. ज्या हाताने हे धुमारे रंगवले, तो हात थकलेला नाही.

2020 च्या टाळेबंदीत अभ्यासक वाउटर व्हान डेर वेन यांना एका जुन्या पोस्टकार्डावर रस्त्याकडेची ही दरड ओळखू आली. फ्रान्समधल्या ओव्हेर गावात विन्सेंट राहत होता त्या खानावळीपासून ती जेमतेम 150 मीटरवर आहे. तिथलं एक जाड मूळ आजही टिकून आहे. त्याला धक्का लागू नये म्हणून भोवती कुंपण घातलं आहे.